कुणाला देऊ नका हं!

डोंबिवलीत उसने पैसे मागायला गेलात तर आधी चहा येतो आणि मग नकार. रेकॉर्डिंग मागायला गेलात तर आधी प्रश्न येतो, "तुमच्याकडे काय आहे?" चहा सौदा जमला तरच.

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो टिळकनगरमधल्या एका दिवाणखान्यात, १९८८ च्या पावसाळ्यात. विचारणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे स्पूलकाका म्हणायचो. रेल्वेत नोकरी, कपाळाला गंध आणि घरात देवांपेक्षा कॅसेटी जास्त. देवांना भिंतीतला एक कोनाडा होता. कॅसेटींना काचेचं कपाट होतं आणि त्यात दमट हवा शोषून घ्यायला फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या होत्या. प्रत्येक कार्डावर शाईपेनानं राग, ताल, तबला कोणाचा, पेटी कोणाची, तारीख, ठिकाण. काही कार्डांच्या कोपऱ्यात लाल ठिपका. खाण्याच्या पाकिटांवर सरकारनं हिरवे-तपकिरी ठिपके आणले ते बरंच नंतर; काकांकडे ही पद्धत आधीपासून होती. लाल ठिपका म्हणजे देऊ नये. बघू मात्र द्यायचे. बघू दिल्याशिवाय जळणार कोण?

मला नंद राग हवा होता. कोणाचा ते सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. देण्यासाठी माझ्याकडे एकच चीज होती. मी नववीत असताना ठाण्याच्या नौपाड्यातल्या गणेशोत्सवात एका बुवांचं गाणं झालं, ते बाबांनी शेजाऱ्यांनी दुबईहून आणलेल्या पॅनासोनिकवर टेप केलं होतं. बुवांचंही नाव सांगत नाही. त्याबद्दलही शब्द दिलाय. या व्यवहारात माणूस आयुष्यभर इतके शब्द देतो की शेवटी बोलायला शब्दच उरत नाहीत.

"रेकॉर्डिंग स्वच्छ आहे?" काकांनी विचारलं.

"आहे तसं. मध्ये आई जरा बोललीय."

काकांनी चष्मा काढला. "काय बोलल्या?"

"'अहो, गॅस बंद केलात का?'"

"कुठे? विलंबितात की द्रुतात?"

"द्रुतात. समेच्या जरा आधी."

"समेवर आवाज नाही ना?"

"नाही. समेवर बाबांचं 'श्श' आहे."

काकांनी डोळे मिटून हिशेब केला. "चालेल," म्हणाले आणि आत बघून ओरडले, "अगं, चहा टाक!"

बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल, पण या देवघेवीला लग्नाच्या बैठकीइतके नियम होते. पहिला नियम, पैशांचं नाव काढायचं नाही. कोऱ्या कॅसेटीची किंमत द्यायची, तीही पाकिटात घालून, आहेर असल्यासारखी. कुणी रेकॉर्डिंग विकतो असं कळलं तर लोक त्याच्या तोंडावर काही बोलत नसत. फक्त त्याला यमन द्यायचे. यमन सगळ्यांकडेच असतो. दराचं गणित असं: साधे तीन यमन म्हणजे एक मारूबिहाग, दोन मारूबिहाग म्हणजे एक अनवट राग, आणि गायकानं मध्येच थांबून साथीदाराला झापलं असेल तर भाव दुप्पट. नाट्यपदं चिल्लर म्हणून वरती द्यायची.

दुसरा नियम, "हे कुठून आलं?" विचारायचं नाही. फार तर "दादरकडचं का?" इतकं म्हणायचं. समोरचा हसला तर दादरकडचं, नाही हसला तरी दादरकडचंच.

तिसरा नियम सगळ्यांत पवित्र. कॅसेट हातात ठेवताना देणाऱ्यानं म्हणायचं, "कुणाला देऊ नका हं." घेणाऱ्यानं दुखावल्यासारखं बघायचं आणि म्हणायचं, "छे, भलतंच!" हे वाक्य म्हटल्याशिवाय कॅसेट बोटांतून सुटतच नसे. मी पण माझ्या बुवांची कॅसेट देताना म्हटलं. काकांनी दुखावल्यासारखं बघितलं.

आणि तरीसुद्धा डोंबिवलीतल्या प्रत्येक शौकिनाकडे तेच ते रेकॉर्डिंग असायचं. प्रत्येकाला वाटायचं की ते फक्त आपल्याकडे आहे.

फुटलं तर कुठून फुटलं हे कळावं म्हणून जाणकार आपापली व्यवस्था करून ठेवत. कुणी प्रत देताना शेवटची पाच मिनिटं कापायचा. मला मिळालेला नंद असाच द्रुत रंगात आलेलं असताना खट्कन बंद पडतो. पुढची पाच मिनिटं काकांनी माझ्या स्वभावाची खात्री पटेपर्यंत राखून ठेवली होती आणि ती खात्री त्यांना कधीच पटली नाही. स्वतः केलेल्या रेकॉर्डिंगांसाठी काकांकडे आणखी पक्की युक्ती होती. पहिलं आवर्तन संपलं की ते मुद्दाम खोकायचे. कोरडा, दोन ठोक्यांचा खोकला. सोनाराचा शिक्का म्हणा. पुढे अमेरिकेहून आलेल्या एका शौकिनानं मोठ्या कौतुकानं काकांना एक दुर्मिळ भटियार ऐकवला. पहिलं आवर्तन संपलं, कॅसेटीतले काका खोकले, सोफ्यावरचे काका गप्प बसून राहिले. आपलाच मुलगा दुसऱ्याच्या नावानं शाळेत घातलेला बघावा तसा चेहरा होता, असं काकू सांगायच्या.

काकूंचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. तेव्हा नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वदच मिनिटं लागायची. दोन डेकना वायर जोडून पाहुणा आणि काका समोरासमोर बसायचे. तेवढ्या वेळात मिक्सर लावायचा नाही, कारण टेपवर 'खर्र' येतं. "चटणी पाट्यावर वाट" असा हुकूम. काकूंनी एकदा मला सांगितलं, "अख्खा मल्लिकार्जुन मन्सूर मी पाट्यावर वाटलाय." पण त्यातली एक गोष्ट मला आज फार मोलाची वाटते. प्रत काढायची तर गाणं पुरतं ऐकावंच लागे. न ऐकता साठवण्याची सोयच नव्हती.

आणि गाणं तरी असं की पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूत मावणार नाही. जुन्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपायचा. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान गायल्या तेव्हापासूनचा तो शिरस्ता. तेवढ्यात लोकांना गाण्याची चव कळायची, पोट भरत नसे. म्हणून तर मैफलीच्या टेपेला सोन्याचा भाव. पण बडा ख्याल ऐन भरात असताना टेप संपायची, आणि मग 'खटाक', काकांचं पुटपुटणं, पुन्हा 'खटाक'. आमच्या पिढीनं काही बंदिशी त्या खटाकासकट पाठ केल्यात. पुढे त्या रेकॉर्डवर सलग ऐकल्या तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

हा सगळा कारभार ठाणे-कल्याण पट्ट्यात इतका का बोकाळला, याचं उत्तर सोपं आहे. गाणारे इथेच राहायचे. गजाननबुवा जोशी अखेरच्या वर्षांत डोंबिवलीत होते. राम मराठे ठाण्याचे; त्यांच्या नावानं ठाण्यात महापालिकेचा संगीत महोत्सव होतो. कल्याणला गायन समाज, तोही जवळजवळ शंभर वर्षांचा. १९७८ मध्ये मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन झालं, त्याआधी आणि नंतरही शाळांचे हॉल, देवळांचे सभामंडप, गणपतीचे मांडव होतेच. दुसरं कारण मध्य रेल्वे. शेवटची गाडी चुकली की श्रोता जाणार कुठे? मैफल पहाटेपर्यंत रंगायची याचं निम्मं श्रेय गायकाचं आणि निम्मं वेळापत्रकाचं. २००० साली रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरला कायद्यानं वेसण घातली आणि उघड्यावरचा अपरात्रीचा दरबारी जवळपास संपला. आता दरबारी ऐकायचा तर कानात बोंडं घालून, सकाळच्या फास्टमध्ये, कुणाच्या तरी बॅगेखाली.

त्याच गाडीत मला कायदा कळला. आमच्या ग्रुपमध्ये एक वकील आहे. बसायला जागा मिळाली तर तो मोफत सल्ला देतो. मी त्याला खिडकी दिली आणि विचारलं, "मैफल चोरून टेप केली तर गुन्हा आहे का?"

"स्वतःपुरती?"

"स्वतःपुरती."

"१९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम ३९. स्वतःच्या खाजगी वापरासाठी रेकॉर्डिंग केलं तर कलाकाराच्या हक्काचा भंग होत नाही. शिकण्याशिकवण्यासाठी, संशोधनासाठी प्रामाणिकपणे केलं तरी नाही. आता हॉलवाल्यांनी तिकिटावर मनाई छापली असेल तर ते तुला बाहेर काढतील, तो तुझा आणि त्यांचा करार."

"आणि ते रेकॉर्डिंग मित्राला दिलं तर?"

वकील सरसावून बसला. दिवा स्टेशन येईपर्यंत त्यानं मला घाम फोडला. मूळ कायद्यात गाणाऱ्याला म्हणून काही हक्कच नव्हता. होता तो गीतकाराला, संगीतकाराला, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला. १९९४ च्या दुरुस्तीनं पहिल्यांदा कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला, आधी २५ वर्षांचा, मग १९९९ मध्ये तो ५० झाला. मैफल झाली त्याच्या पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून मोजायची. २०१२ मध्ये तो आणखी पक्का केला. कलाकाराच्या परवानगीशिवाय प्रती काढून वाटणं या हक्कावर पाय देणं आहे. जाणूनबुजून केलंत तर कलम ६३: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी केलं नसेल तर न्यायाधीश कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतात. "रेडिओवरून टेप केलं असेल तर त्यात प्रसारणाचा हक्क आणखी वेगळा, तो २५ वर्षांचा," असं तो दिव्याला म्हणाला. तेव्हा डब्यात इतकी गर्दी झाली की पुढचं कलम कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीनं अडवलं.

मी मात्र विचारात पडलो. आमच्या दुनियेत सगळ्यांत वाईट माणूस कोण? जो टेप करतो, कपाटात ठेवतो, कुणाला देत नाही आणि एक दिवस सगळं घेऊन मरतो तो. मागून त्याचा मुलगा भंगारवाल्याला किलोवर घालतो. अशा माणसाबद्दल आम्ही दबक्या आवाजात बोलतो. कायद्याच्या पुस्तकात मात्र तोच तेवढा निर्मळ. आणि जो रात्र जागून प्रत काढतो, पोस्टाचा खर्च सोसून कोल्हापूरच्या अनोळखी शौकिनाला पाठवतो, तो दोन लाखांच्या दंडाला पात्र. सरकार आणि काका, दोघं एकच वाक्य म्हणतात: कुणाला देऊ नका हं. सरकार ते मनापासून म्हणतं, इतकाच फरक.

बरं, कायद्याचंही चूक म्हणवत नाही. गाणाऱ्याचा गळा बसलेला असतो, पेटीवाला नवखा असतो, एखादी रात्र पडते. ती पडलेली रात्र कुणी जन्मभर शोकेसमध्ये ठेवावी, असं कुठल्या कलावंताला वाटेल? आजच्या गायकाची तर तीच भाकरी आहे. चालू कलाकाराची नवी मैफल टेप करून वाटणाऱ्याला स्पूलकाकाही दारात उभं करत नसत. "तिकीट काढून ऐका," म्हणायचे. त्यांचं पाप जुन्या माणसांपुरतं होतं.

परदेशात हे वेड आपल्याही आधीचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल मेपलसन १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगाचं गाणं मेणाच्या नळकांड्यांवर उतरवत होता. खरखरीतून आवाज शोधावा लागतो, पण शोधणारे आजही आहेत. डीन बेनेडेटी नावाचा एक जण चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनचा इतका भक्त की पार्कर वाजवायचा थांबला आणि दुसरा सुरू झाला की हा यंत्र बंद करायचा. हे वाचून मला काका आठवले. टेप वाचवायला ते तबल्याच्या सोलोला डेक बंद करायचे. गावातल्या एका तबलजीनं त्यांच्याशी अकरा वर्षं अबोला धरला होता. आणि कॅलिफोर्नियाच्या ग्रेटफुल डेड या बँडनं तर हात टेकून १९८४ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटंच काढली. वाटा, पण विकू नका, एवढी अट. म्हणजे आमचा पहिलाच नियम. गडकरीला अशी राखीव रांग ठेवली असती तर आमच्या लोकांनी तिच्यासाठी पहाटे चारपासून रुमाल टाकले असते, आणि मग शेजारच्याच्या माइकवर हात ठेवून विचारलं असतं, "तुमच्याकडे काय आहे?"

रेकॉर्डिंग मुळीच नको म्हणणाऱ्यांची आमच्याकडे मोठी परंपरा. अल्लादिया खाँसाहेबांनी आपला आवाज तबकडीला दिला नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचाही आवाज मागे नाही. कल्याणचा गायन समाज त्यांच्या नावानं देवगंधर्व महोत्सव करतो. ज्याचा सूर आज हयात कुणी ऐकला नाही त्याच्या नावानं लोक सूर ऐकायला जमतात. तरीही दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी कानाशी लागून सांगतं की भास्करबुवांचं एक मेणाचं नळकांडं एकाच्या माळ्यावर आहे. कुठे? "दादरकडे." खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरही रेकॉर्डिंगच्या बाबतीत कडकच. त्यांची भैरवी नासानं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवली. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं, १६ सप्टेंबरला बाई गेल्या. ती भैरवी आता ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. काका म्हणायचे, "एकच रेकॉर्डिंग खरं सुरक्षित आहे. तिथे मागायला कुणी येत नाही."

काका गेले. कपाटाचं काय झालं ते लिहिण्याची माझी इच्छा नाही. तांदूळ काकूंनी पक्ष्यांना घातला, एवढं सांगतो.

आमची बुवांची मूळ कॅसेटही राहिली नाही. २६ जुलै २००५ ला आम्ही कल्याणला तळमजल्यावर होतो. पाणी पंख्याच्या खाली दोन वितींपर्यंत आलं. चार दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा कॅसेटींतून चिखल आणि एक छोटा खेकडा निघाला. आई म्हणाली, "जाऊ दे, माणसं राहिली." बाबा पेन्सिल घालून रीळ फिरवत बसले होते. रीळ फिरत होतं. आत काहीच नव्हतं.

आता सगळं फोनवर. फडके रोडवर दिवाळी पहाटेला गायिकेनं आ लावला की समोर शंभर फोन वर जातात. ऐकायला फक्त तबलजी उरतो. पूर्वी एक नंद मिळवायला सहा महिने लागले. परवा मला भाच्यानं पेन ड्राइव्ह दिला, त्यात सातशे तासांचं गाणं. मी त्याला विचारलं, "ऐकलंस का यातलं?" तो म्हणाला, "मामा, आहे ना आपल्याकडे." ग्रुपवर दररोज पहाटे कुणीतरी 'अति दुर्मिळ' टाकतो आणि खाली लिहितो, कृपया पुढे पाठवू नये. त्यावर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असा शिक्का असतो.

गेल्या वर्षी अशाच एका ग्रुपवर नागपूरच्या एका गृहस्थांनी एक फाइल टाकली. बुवांचं नाव, ठाणे, गणेशोत्सव, साल चुकलेलं. खाली टीप: मूळ प्रतीत प्रेक्षक महिलेचा व्यत्यय होता, तो सॉफ्टवेअरनं काढून टाकला आहे.

मी फाइल लावली. तीच पेटी, तोच खरखरता मांडव. द्रुत आलं. समेच्या जरा आधी अर्ध्या सेकंदाची स्वच्छ, पुसलेली शांतता आली आणि मग थेट बाबांचं "श्श". कुणीच काही बोललं नव्हतं, तरी बाबा गप्प करत होते.

आईला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

मी नागपूरला फोन लावला. "सर, तुमच्याकडे ती साफ न केलेली प्रत असेल का?"

"साफ न केलेली? अहो, त्यात एक बाई गॅसबद्दल बोलतात हो!"

"तीच."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो प्रश्न आला, जो येणारच होता. "तुमच्याकडे काय आहे?"

मी नंद दिला. शेवटची पाच मिनिटं नसलेला. त्यांना तो कापलेला आहे हे माहीत होतं; त्यांच्याकडची ती पाच मिनिटं त्यांनी मला दिली नाहीत. पण रात्री अकराला फाइल आली, आणि खाली त्यांचं वाक्य होतं. मी उत्तर लिहिलं, छे, भलतंच. स्वयंपाकघरात जाऊन दिवा न लावता ऐकली. मधल्या तीन-चार प्रतींनी आवाज कातरलाय, तरी 'अहो'मधला हेल तसाच आहे. कायद्यात म्हणे आता कलाकाराला आपलं नाव लावून घ्यायचा आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड थांबवायचा हक्क आहे. वकिलाला विचारायला हवं, गॅसबद्दलचा प्रश्न सादरीकरणात धरतात का.

लगेच ताईला ठाण्याला पाठवली. खाली लिहिलं, कुणाला देऊ नकोस हं.

दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं. "नव्हता केला बंद. घरी आलो तर आमटीचं पातेलं जळून कोळसा. बाबांनी खिडकीत उभं राहून वहीनं वारा घातला होता, आठवतंय का?" आणि त्याखाली आणखी एक ओळ: "मावशीला पाठवलीय. तिला सांगितलंय, पुढे देऊ नकोस म्हणून."